लखनौच्या थंडीत डिस्कस

राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या लखनौ शहरात हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. ॲमेझॉन खोऱ्यातील डिस्कस माशाला मात्र २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्ण, सुफेन पाणी मानवते. म्हणून मत्स्यपेटीत हीटर व तापमापक अनिवार्य ठरतात; वीज गेल्यास पेटीभोवती घोंगडी गुंडाळावी. बदलीचे पाणी क्लोरीनमुक्त व समान तापमानाचे असावे. रंग काळवंडणे, कोपऱ्यात दडणे, अन्न नाकारणे ही तणावाची लक्षणे होत. अशा वेळी औषधापूर्वी पाण्यातील अमोनिया तपासावा. उरलेले अन्न काढून टाकावे. डिस्कसची नवजात पिले मातापित्यांच्या त्वचेवरील स्रावावर वाढतात. साहजिकच, पालक मासे निरोगी व निर्धास्त राहिले, तरच पुढची पिढी तगते.