जुनी लाल वाइन केव्हा उघडावी? बोर्दोच्या तळघरांतील दीर्घ प्रतीक्षेचा हिशेब

फ्रान्सच्या नैऋत्येकडील बोर्दो परिसरातील उत्तम लाल वाइनची एक अडचण फार जुनी आहे. ती बाजारात येते तेव्हा बहुधा पिण्याजोगी झालेली नसते आणि ती पिण्याजोगी होईपर्यंत तळघरात टिकवून ठेवण्याइतका संयम फार थोड्यांपाशी असतो. मेदोक भागातील नामांकित शातोंची चांगल्या वर्षातील वाइन पक्व व्हायला पंधरा ते तीस वर्षे सहज लागतात. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती येते ती ७५० मिलिलिटरची एक बाटली. ती लवकर उघडली तर पुढची गोडी गमावली जाते, उशिरा उघडली तर आत केवळ आंबट, निस्तेज पाणी उरलेले असते आणि एकदा बूच निघाले की हा निर्णय फिरवता येत नाही.

या प्रतीक्षेचे मूळ द्राक्षाच्या सालीत आहे. मेदोकमधील प्रमुख जात कॅबर्ने सोव्हिन्यों. तिचे मणी लहान, साल जाड आणि बिया मोठ्या. साल व बियांतून, तसेच ओकच्या पिंपांतून वाइनमध्ये टॅनिन नावाची द्रव्ये उतरतात. सुपारी चघळल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा घेतल्यावर तोंडाला जो कोरडेपणा येतो, तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. ती लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा ओशटपणा नाहीसा होतो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. कोवळ्या बोर्दोचा पहिला घोट अनेकांना कडवट व तुरट लागतो, त्याचे कारण हेच.

बाटलीत वाइन आडवी पडून राहते तेव्हा टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि सालीतील रंगद्रव्यांशी जोडले जातात. त्यांच्या साखळ्या वाढत जातात, जड होतात आणि शेवटी साका बनून तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो. जांभळट लाल रंग प्रथम डाळिंबी, पुढे विटकरी होतो आणि पेल्याच्या कडेला नारिंगी झाक दिसू लागते. सुगंधही पालटतो. तरुणपणीच्या काळ्या मनुकांसारख्या व बेरीफळांसारख्या वासाच्या जागी देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी, चामडे, अळंबी, पावसानंतरची पाने कुजलेली जमीन असे गंध येतात. वर्णन ऐकून मोहवणारे वाटत नाही. परंतु याच गंधांसाठी जाणकार दोन-दोन दशके थांबतात.

मराठीत यासाठी ‘मुरणे’ हा नेमका शब्द आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. पण कैरीच बेचव असेल तर वर्षभर बरणीत ठेवूनही काही साधत नाही. वाइनचेही तसेच आहे. जगात तयार होणारी बहुतांश वाइन काही वर्षांतच प्यावी अशा बेताने केलेली असते. ती ठेवल्याने फक्त शिळी होते. दीर्घकाळ टिकण्यासाठी टॅनिन, आम्लता आणि फळाचा अर्क हे तिन्ही भरपूर व परस्परांना तोलणारे असावे लागतात.

बोर्दोचीच दोन वर्षे याची साक्ष देतात. १९७५च्या वाइनमध्ये टॅनिन विलक्षण जास्त होते. ती दीर्घायुषी ठरेल या अपेक्षेने अनेकांनी ती राखून ठेवली. मात्र कित्येक बाटल्यांत तुरटपणा मऊ होण्याआधीच फळाची गोडी सुकून गेली. १९८२चे उलट झाले. उन्हाने पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची ती वाइन तरुणपणीच इतकी मृदू लागली की ती फार टिकणार नाही, अशी शंका काही समीक्षकांनी घेतली. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मात्र तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तिच्या उत्तम बाटल्या चार दशकांनंतरही आनंद देतात. तेव्हा निव्वळ कठोरपणा हे दीर्घायुष्याचे लक्षण नव्हे.

थांबण्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न व्यापारातही आहे. बोर्दोत वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंत ऋतूत, आगाऊ विकण्याची प्रथा आहे. अर्थात पुढील सारी वर्षे ग्राहकाच्या तळघरात आणि ग्राहकाच्या जोखमीवर जातात. १८५५च्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीचा मान मिळालेल्या शातो लातूरने २०१२मध्ये या प्रथेतून बाहेर पडण्याचे ठरवले. आपली वाइन पिण्याजोगी झाली असे वाटेल तेव्हाच ती बाजारात आणायची, हे त्यांचे धोरण. त्याची किंमत अर्थातच ग्राहकाला मोजावी लागते. परंतु बाटली कोठे, कशी ठेवली गेली याची खात्री मिळते, आणि जुन्या वाइनच्या बाबतीत ही खात्री लहान गोष्ट नाही.

कारण मुरण्याची सारी प्रक्रिया तापमानावर चालते. १२ ते १३ अंश सेल्सियसचा स्थिर गारवा, सुमारे ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि निश्चलता या चार गोष्टी तळघर पुरवते. बाटली आडवी ठेवल्याने बूच ओले राहते व हवा आत शिरत नाही. उष्णतेत वाइन लवकर मुरते असे नव्हे, ती शिजल्यासारखी होते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या भारतीय शहरांत कपाटात जपलेली भेटवस्तूची बाटली बहुधा याच कारणाने वाया जाते. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्लाही युरोपातील थंड घरांतला आहे. तिला १६ ते १८ अंश मानवतात, ३२ नव्हेत.

बाटली तयार झाली की नाही, हे बाहेरून पूर्णपणे कळत नाही. मानेतील वाइनची पातळी पाहता येते. ती खांद्याच्या मध्याखाली उतरली असेल तर बुचाने दगा दिला असण्याचा संभव असतो. बाटलीचा आकारही महत्त्वाचा आहे. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली लवकर पिकते, दीड लिटरची मॅग्नम सावकाश. एकाच वर्षाच्या बारा बाटल्या घेऊन दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून पाहणे, हा जुन्या संग्राहकांचा मार्ग सर्वांत भरवशाचा. ज्यांच्याकडे एकच बाटली आहे त्यांनी थोडे लवकरच उघडावे. काहीशी कोवळी वाइन अन्नासोबत सुखाने पिता येते. मेलेल्या वाइनला उपाय नाही. योग्य प्रसंगाची वाट पाहता पाहता वारसांच्या हाती गेलेल्या आणि तोवर निष्प्राण झालेल्या बाटल्यांची संख्या कमी नसावी.

उघडण्याआधी एक-दोन दिवस बाटली उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. तीस वर्षांचे बूच ठिसूळ झालेले असते. नेहमीच्या मळसूत्री स्क्रूने त्याचा चुरा होतो. त्यासाठी बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवायची दोन पात्यांची पकड अधिक सोयीची. मग मानेखाली मेणबत्ती किंवा लहान दिवा धरून, हात न हलवता, एका दमात वाइन काचेच्या सुरईत निथळून घ्यावी आणि साक्याची काळी रेषा मानेशी येताच थांबावे. ती तासन्तास हवेत ठेवावी का, याबद्दल मतभेद आहेत. बोर्दोचे ख्यातनाम मद्यशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचे मत असे होते की, साका असेल तरच वाइन निथळावी आणि तीही वाढण्याच्या तोंडावर. फार जुन्या वाइनबाबत हे विशेष खरे आहे. तिचा सुगंध कधी कधी अर्ध्या तासातच विरून जातो.

पहिला वास बंद खोलीसारखा आला तर घाबरण्याचे कारण नाही, दहा मिनिटांत तो बहुधा निघून जातो. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र वाढतच गेला, तर दोष बुचाचा असतो व ती बाटली बाजूला ठेवण्यावाचून इलाज नसतो. सोबतीला साधे भाजलेले कोकराचे मांस ही बोर्दोतील रीत. आपल्याकडे कमी तिखटाचे मटण किंवा अळंबीची भाजी चालेल. लाल तिखट आणि खडा मसाला या नाजूक वाइनला झाकून टाकतात.

महाराष्ट्रात नाशिक आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात तयार होणाऱ्या बहुतेक लाल वाइन ताज्या पिण्यासाठीच असतात. ओकच्या पिंपात काही काळ ठेवलेल्या मोजक्या वाइन याला अपवाद आहेत. येथील आधुनिक वाइन उद्योग जेमतेम काही दशकांचा असल्याने तीस वर्षांच्या बाटल्या उघडून पाहण्याची वेळ अजून फारशी आलेली नाही.