गाडीत पेट्रोलचा वास? परफ्यूमने झाकू नका

सकाळी गाडीचे दार उघडताच पेट्रोलचा वास येतो. पाच मिनिटांनी तो जाणवेनासा होतो आणि 'कालच पेट्रोल भरलंय, त्याचाच असेल' असे म्हणून आपण निघतो. डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली असतेच. पण वास जाणवेनासा झाला म्हणजे तो गेला असे नाही. एकाच वासात थोडा वेळ बसले की नाक त्याला सरावते. हवेतली वाफ मात्र तेवढीच राहते. म्हणून शंका आली की गाडीतून उतरून मोकळ्या हवेत फिरून या आणि मग पुन्हा वास घ्या; किंवा गाडीत न बसलेल्या कुणाला तरी विचारा.

आपले नाक पेट्रोलच्या बाबतीत फार तीक्ष्ण आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी वाफ असली तरी वास येतो. पेट घेण्यासाठी हवेत साधारण दीड टक्का वाफ लागते. त्यामुळे वास आला की लगेच भडका उडेल असे नव्हे. मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती सीटखाली, डिकीत, बंद गॅरेजच्या जमिनीलगत साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. बंद काचांच्या गाडीत ही वाफ श्वासातून गेली की डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, डोळे चुरचुरतात. अनेकदा त्याचे खापर 'गाडी लागण्या'वर फोडले जाते. पेट्रोलमध्ये बेन्झिन असते. बीएस-6 मानकांनुसार त्याचे प्रमाण जास्तीत जास्त एक टक्का असू शकते. बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. पंपावर कधीतरी आलेल्या वासाने घाबरून जाऊ नये. पण रोज तासभर त्याच हवेत प्रवास करणे, तेही लहान मुले किंवा गर्भवती सोबत असताना, टाळायलाच हवे.

वास केव्हा येतो?

बिघाड शोधताना मेकॅनिकला सर्वांत उपयोगी पडते ती हीच माहिती.

टाकी भरल्यावर येत असेल तर आधी आपली सवय तपासा. नोझल आपोआप बंद पडल्यावरही 'राउंड फिगर' करण्यासाठी आणखी पेट्रोल ओतून घेतले जाते. टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी गाडीत कोळशाचा कॅनिस्टर असतो. जास्तीचे पेट्रोल त्यात शिरले की तो निकामी होऊ शकतो. पहिल्या 'खट्'ला थांबा. टाकीच्या झाकणाचे रबर चिरले आहे का, झाकण नीट बसते का, तेही पाहा. हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

मागच्या सीटजवळ, विशेषतः टाकी भरलेली असताना किंवा घाटात वास येत असेल, तर टाकीवरच्या फ्युएल पंपाचे सील किंवा पेट्रोल भरण्याच्या नळीचा सांधा तपासून घ्यावा. बऱ्याच गाड्यांत हा पंप मागच्या सीटखालीच असतो.

बॉनेटकडून, थंड इंजिन सुरू करताना किंवा लांबून येऊन गाडी थांबवल्यावर वास येत असेल, तर इंजेक्टरच्या ओ-रिंग किंवा पाइपचे सांधे यांवर संशय घ्यावा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरींबरोबर पाइपही कुरतडतात. वास मंद असेल तर एक चाचणी करता येते. एसीला बाहेरची हवा घेऊ द्या, मग आतलीच हवा फिरवणारे बटण दाबा. बाहेरची हवा घेताना वास वाढत असेल, तर उगम बहुधा बॉनेटखाली आहे.

जुन्या गाडीत आणखी एक कारण असू शकते. आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ज्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, त्यांतले काही रबरी पाइप आणि सील लवकर खराब होऊ शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते आवर्जून बघायला सांगा.

घरी काय, गॅरेजमध्ये काय?

घरी फक्त पाहायचे. रात्रभर उभ्या गाडीखाली ओला डाग आहे का, ते टॉर्चने बघा. काडी किंवा लायटर पेटवू नका. एसीच्या पाण्याला वास नसतो. ऑइलची डिपस्टिक हुंगून पाहा. पेट्रोलचा उग्र वास आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असावे. डिकीत पेट्रोलचा कॅन ठेवला असेल तर तो आधी काढा. पाइप मात्र स्वतः उघडू नका. बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्यात टायरमधल्या हवेहूनही अधिक दाब असतो.

गॅरेजमध्ये गळक्या पाइपला टेप किंवा एम-सील लावून घेऊ नका. पाइप बदला, आणि तोही इंधनासाठीच बनवलेला घ्या. साधी रबरी नळी पेट्रोलने फुगते. सीएनजीच्या गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती गॅसची गळती समजा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी अधिकृत केंद्राकडून तपासून घ्या.

चालत्या गाडीत वास अचानक वाढला, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि सर्वांना उतरवून दूर उभे राहा. 'बघू या' म्हणून पुन्हा चावी फिरवू नका. खाली थेंब पडत असतील तर गाडी टो करूनच न्या. धूर किंवा ज्वाळा दिसल्यास बॉनेट उघडू नका, 101 किंवा 112 वर फोन करा.

दुरुस्तीनंतर गाडी काचा बंद करून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दार उघडायला सांगा. त्यांना वास आला नाही, तरच काम पूर्ण झाले असे समजा.