टेबलावरची रेस

फॉर्म्युला वनचे वर्षाला दोन सीझन असतात. एक गाड्यांचा, तो टीव्हीवर दिसतो. दुसरा नियमांचा. तो बंद दाराआड कुठल्याशा कॉन्फरन्स रूममध्ये रंगतो आणि त्यात नेमकं कोण जिंकलं हे कळायला कधीकधी दहा-बारा वर्षं जातात. खरं सांगू? मला हल्ली हा दुसराच जास्त बघावासा वाटतो.

आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरापोरींना हे पटत नाही. ही सगळी ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ बघून एफ-वनच्या प्रेमात पडलेली मंडळी. २०२६ चे नियम जाहीर झाले तेव्हा कॅन्टीनमध्ये चर्चा काय, तर ‘एवढे बदल एकदम? असं कधी झालंय का?’ अरे, झालंय म्हणजे काय! नियम बदलणं हा तर या खेळाचा जुना छंद आहे. आणि जे बदल झाले त्यांच्यापेक्षा जे नुसते सुचवले गेले, ते जास्त भन्नाट आहेत.

२००२ घ्या. फेरारीने १७ पैकी १५ रेस जिंकल्या. मायकेल शूमाकर जुलैमध्येच चॅम्पियन झाला, तेव्हा सहा रेस बाकी होत्या. ऑस्ट्रियात तर रुबेन्स बॅरिकेलो आरामात पुढे होता, त्याला टीमने सांगितलं, बाजूला हो. तो झाला, अगदी फिनिश लाइनच्या तोंडाशी. स्टँडमधल्या लोकांनी अशी काही हुर्यो उडवली की शूमाकरने लाजून बॅरिकेलोला पोडियमच्या वरच्या पायरीवर ढकललं. त्या गोंधळाबद्दल दहा लाख डॉलरचा दंड वेगळाच.

प्रेक्षक कंटाळले, टीव्हीवाले कुरकुरायला लागले. मग त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बर्नी एक्लस्टन (धंदा यांच्या हातात) आणि मॅक्स मोस्ली (नियम करणाऱ्या एफआयएचे अध्यक्ष) यांनी प्रस्तावांची यादीच पुढे ठेवली. त्यातला एक होता वजनाचा. जितके पॉइंट्स, तितके किलो जादा वजन गाडीत टाकायचं. शूमाकरचे त्या वर्षी १४४ पॉइंट्स झाले होते. म्हणजे सीझन संपता संपता गाडीत दोन माणसं जास्तीची बसवल्यासारखंच! दुसरा याहून कहर. ड्रायव्हरांनी सीझनभर आळीपाळीने वेगवेगळ्या टीम्सच्या गाड्या चालवायच्या. विचार करा, सचिन या मॅचला भारताकडून, पुढच्या मॅचला पाकिस्तानकडून.

हे दोन्ही अर्थातच बारगळले. पण माझी एक थिअरी आहे. असे अचाट प्रस्ताव पास व्हावेत म्हणून मांडलेलेच नसतात. घरी लेहला बाइकने जायचं म्हणून सांगायचं, मग महाबळेश्वरला लगेच परवानगी मिळते, तसं. २००३ मध्ये झालं ते ‘महाबळेश्वर’ असं: रेसचा निकाल फिरवणाऱ्या टीम ऑर्डर्सवर बंदी, क्वालिफाइंगला एकच लॅप, आणि पॉइंट्स पहिल्या सहाऐवजी पहिल्या आठ जणांना. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरातला फरक चारवरून दोनवर आला. परिणाम? सहा रेस जिंकणारा शूमाकर आणि अख्ख्या सीझनमध्ये एकच जिंकणारा किमी रायकोनेन यांच्यात शेवटी फक्त दोन पॉइंट्सचं अंतर. ९३ विरुद्ध ९१. थरार आला खरा, पण तो काही नव्या गाडीने किंवा नव्या ड्रायव्हरने आणलेला नव्हता, गणिताने आणलेला होता. पुढच्याच वर्षी फेरारीने १८ पैकी १५ रेस जिंकून त्या गणिताचंही पाणी पाणी केलं.

आता २००५. इथे मात्र मला जरा थांबायचंय.

त्या वर्षी नियम आला की क्वालिफाइंग आणि पूर्ण रेस टायरच्या एकाच सेटवर काढायची. गाड्यांचा वेग आटोक्यात आणायचा हे अधिकृत कारण. आणि मनातलं? ब्रिजस्टोन टायरवर धावणारी फेरारी त्या वर्षी अशी काही गडगडली की वेगळं सांगायला नको. रेनॉचा फर्नांडो अलोन्सो चॅम्पियन झाला.

१९ जून २००५, इंडियानापोलिस. शुक्रवारच्या प्रॅक्टिसमध्ये राल्फ शूमाकरची टोयोटा तेराव्या वळणावर भिंतीवर आदळली. हे वळण उतरतं बांधलेलं, तिथे टायरवर जबरदस्त भार येतो. मिशेलिनने आपले टायर तपासले आणि सात टीम्सना कळवलं की या वळणावर वेग कमी केला नाही, तर टायर दहा लॅपच्या वर टिकतील याची खात्री देता येत नाही. रेस होती ७३ लॅप्सची. आता दोष मिशेलिनचाच, त्यात वाद नाही. पण एकदा घोडं अडल्यावर सुटका कशी करायची, यावर दोन दिवस जे चाललं ते बघण्यासारखं होतं. टीम्स म्हणाल्या, वळणाआधी तात्पुरती शिकेन टाका, म्हणजे गाड्या आपोआप हळू होतील. फेरारी सोडून सगळे तयार. एफआयए म्हणाली, ट्रॅक ऐनवेळी बदलता येणार नाही, तुम्ही हळू चालवा नाहीतर पिट लेनमधून जा. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. आणि स्टँडमध्ये तिकीट काढून बसलेली हजारो माणसं.

फॉर्मेशन लॅपला वीस गाड्या निघाल्या. लॅप संपता संपता चौदा गाड्या रांगेने पिटमध्ये शिरल्या आणि गॅरेजेसमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. उरल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. आपल्याकडे रात्र झाली होती आणि मला आठवतं, माझी झोप पार उडाली होती, कारण त्या दोन जॉर्डनपैकी एकात आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला. पाच पॉइंट्स.

ते पाच पॉइंट्स त्याच्या करिअरमधले एकमेव. आजवर फॉर्म्युला वनमध्ये पॉइंट मिळवणारा तो एकमेव भारतीय ड्रायव्हर. सहा गाड्यांत चौथा, असं म्हणून लोक हसतात. मला हसू येत नाही. सहाच्या सहा गाड्यांनी रेस पूर्ण केली, त्या सगळ्या उद्वेगात त्याने गाडी नीट शेवटपर्यंत आणली. त्याचा पार्टनर टियागो मोंटेरो तिसरा आला आणि पोडियमवर शॅम्पेन उडवून एकटाच नाचला. फेरारीवाले बिचारे मान खाली घालून उभे होते. २००६ मध्ये टायर बदलायचा नियम मुकाट्याने परत आला. (त्याच २००५ मध्ये क्रिकेटने ‘सुपर सब’ आणला होता आणि तोही वर्षभरात गुंडाळला. ते वर्षच तसलं असावं.)

चाळीस मिलियनचं स्वप्न

यानंतरचा मोठा राडा २००९ चा. मार्चच्या १७ तारखेला, म्हणजे सीझन सुरू व्हायला दोन आठवडेही नसताना, एफआयएने जाहीर केलं की जो जास्त रेस जिंकेल तो चॅम्पियन. पॉइंट्स बाकीच्यांसाठी. मूळ कल्पना एक्लस्टनची, ऑलिम्पिकसारखी पदकं द्यायची. आदल्याच वर्षी लुईस हॅमिल्टन पाच रेस जिंकून ९८ पॉइंट्सवर चॅम्पियन झाला होता आणि फेलिपे मासा सहा जिंकून ९७ वर राहिला होता. नवा नियम असता तर मुकुट मासाच्या डोक्यावर. टीम्स खवळल्या, नियमावर बोट ठेवून म्हणाल्या की इतक्या उशिरा आमच्या संमतीशिवाय हे करता येत नाही. तीन दिवसांत एफआयएने माघार घेतली.

पण त्याच दिवशी आणखी एक कागद निघाला होता. खर्चावर मर्यादा. आधी ३० मिलियन पौंड, एप्रिलअखेर ती ४० मिलियन झाली. जी टीम मान्य करेल तिला गाडी बनवण्यात जास्त मोकळीक. होंडा २००८ च्या अखेरीस मंदीमुळे निघून गेली होती, आणखी कंपन्या जातील ही मोस्लींची भीती चुकीची नव्हती. बीएमडब्ल्यू आणि टोयोटा २००९ मध्येच गेल्याही. पण श्रीमंत टीम्सना दोन दर्जाची रेस नको होती. फेरारी पॅरिसच्या कोर्टात गेली, हरली. तिथेच जगाला कळलं की नियमांवर फेरारीला व्हेटो आहे! जूनमध्ये आठ टीम्सनी वेगळी चॅम्पियनशिप काढायची धमकी दिली. या आठांत दोघं नव्हते: विल्यम्स आणि आपली फोर्स इंडिया. दोघांनी एफआयएकडे विनाअट नाव नोंदवलं, म्हणून टीम्सच्या संघटनेने त्यांना निलंबित केलं होतं. लहान टीमने काय करायचं? मोठ्यांच्या भांडणात फुगून बसणं तिला परवडत नाही.

२४ जूनला समझोता झाला. मोस्लींनी पुन्हा निवडणूक लढवायची नाही, आणि चाळीस मिलियनचा नियम कचऱ्यात. मोठ्यांचं मिटलं. पण त्या चाळीस मिलियनच्या भरवशावर नव्या टीम्स यायला निघाल्या होत्या, त्यांचं काय? लोटस, व्हर्जिन आणि एचआरटी २०१० मध्ये ग्रिडवर आल्या, तेव्हा ज्या नियमासाठी आल्या तो नियमच नव्हता.

एचआरटीचं नाव आपल्याला माहीत असायचं कारण करुण चंधोक. बहारीनच्या पहिल्या रेसला त्याची गाडी एकाही प्रॅक्टिस सेशनला बाहेर पडली नाही. त्या गाडीतला त्याचा पहिला लॅप थेट क्वालिफाइंगमध्ये! लायसन्सची टेस्टच पहिला धडा, असं समजा. २०११ मध्ये त्याच टीममध्ये कार्तिकेयन परतला. आणि त्याच वर्षी एक जुना नियम परत आला: क्वालिफाइंगच्या पहिल्या टप्प्यातला सगळ्यात वेगवान टाइम, त्याच्या १०७ टक्क्यांच्या आत नसाल तर रेसला प्रवेश नाही. मेलबर्नला दोन्ही एचआरटी बाहेर. २०१२ ला पुन्हा मेलबर्न, पुन्हा दोन्ही बाहेर. म्हणजे एका नियमाच्या आशेने जन्मलेली टीम, दुसऱ्या नियमाने दारातून परत पाठवलेली. २०१२ संपताना एचआरटी बंद पडली, एकही पॉइंट न मिळवता.

फोर्स इंडिया मात्र टिकली. २०१६ आणि २०१७ मध्ये तर चौथी आली, तेही वरच्या तिघांच्या मानाने अगदी तुटपुंज्या पैशांत. जुलै २०१८ मध्ये तिच्यावर प्रशासक नेमला गेला. विजय मल्ल्यांच्या अडचणी वेगळ्या, त्यांचं खापर नियमांवर फोडायचं कारण नाही. पण तारखा बघा. ज्या खर्चमर्यादेसाठी ही टीम २००९ मध्ये संघटनेचा रोष ओढवून बसली, ती अखेर २०२१ मध्ये आली. १४५ मिलियन डॉलर, त्यात ड्रायव्हरांचे पगार धरलेले नाहीत. तोवर ही टीम विकली गेली होती आणि गाड्यांवर नाव होतं अॅस्टन मार्टिन. पहिल्याच वर्षी रेड बुलने मर्यादा ओलांडली, सात मिलियन डॉलर दंड भरला.

मधले किरकोळ विनोद भराभर सांगते. २०१४ ला शेवटच्या रेसला डबल पॉइंट्स, एकाच वर्षात गायब. २०१६ ला क्वालिफाइंगमध्ये दर दीड मिनिटाला एकाला बाद करायचं, म्युझिकल चेअरसारखं. प्रत्यक्षात शेवटची मिनिटं ट्रॅक रिकामा, सगळे गॅरेजमध्ये. दोन रेसनंतर रद्द. सगळ्यात वेगवान लॅपला दिलेला एक पॉइंट २०१९ ते २०२४ टिकला. उलट्या ग्रिडचा प्रस्ताव २०२० मध्ये मर्सिडीजने हाणून पाडला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी स्प्रिंट आली. लेह आणि महाबळेश्वर, पुन्हा एकदा!

आणि २०२६?

हे नियम तसे विचार करून केलेले. गाड्या ३० किलोंनी हलक्या, आखूड आणि अरुंद. डीआरएसच्या जागी सरळ रस्त्यावर पडणारे आणि वळणावर उभे राहणारे पंख. इंजिनाची जवळपास अर्धी ताकद विजेची, इंधन शंभर टक्के शाश्वत. माझं मत विचाराल तर गाड्या लहान होणं सगळ्यात चांगलं. मोनॅकोच्या गल्ल्यांत हल्ली ओव्हरटेक म्हणजे लक्ष्मी रोडला चतुर्थीच्या आदल्या दिवशी ट्रक घालण्यासारखं झालं होतं.

पण विजेच्या वाट्यामागे खरं कारण धंद्याचं आहे. मोठ्या कार कंपन्यांना यायचं तर त्यांच्या शोरूमशी जुळणारं काहीतरी हवं. ऑडी त्याच बोलीवर आली, सौबर टीम ताब्यात घेतली, जर्मनीत इंजिन बनवायला घेतलं. आणि २०२५ मध्ये, त्यांच्या इंजिनाने एकही रेस बघितलेली नसताना, एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलेयम यांनी जुन्या व्ही-टेन इंजिनांचा विषय काढला. मग व्ही-टेनवरून गाडी व्ही-एटवर आली. आवाज परत आणायचा म्हणे. बहारीनमध्ये त्यावर मीटिंगही झाली, कंपन्यांचे लोक विमानाने आले, बसले, बोलले. लेहचा विषय निघालाय, एवढं नक्की. महाबळेश्वर कुठलं निघतंय, ते बघायचं.