प्लायवूडच्या पेटीतला शनी

डॉब्सोनियन दुर्बीण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती दुर्बीण वाटतच नाही. दुकानात मांडलेल्या दुर्बिणीला तीन पायांची घोडी असते, चकचकीत दांडे असतात, समतोलासाठी वजनं असतात. इथे जमिनीवर ठेवलेली प्लायवूडची उघडी पेटी, तिच्यात तिरकी विसावलेली जाड पुठ्ठ्याची नळी आणि नळीच्या वरच्या टोकाला, बाजूने, डोळा लावायचा छोटा आयपीस, एवढाच ऐवज. नळीच्या तळाशी आरसा आहे हेही सांगावं लागतं. पण गेल्या पन्नास वर्षांत मोठ्या आरशाची दुर्बीण साध्या माणसाच्या आवाक्यात आली ती मुख्यतः या पेटीमुळे. अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून चंद्र किंवा गुरू दाखवायचा असेल, तर याच्याइतकं सोयीचं यंत्र मला दुसरं माहीत नाही.

जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ चा, पेकिंगचा. १९२७ मध्ये कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आलं, बर्कलीला त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. तरुणपणी ते कट्टर नास्तिक होते. मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीत स्वामी अशोकानंदांचं व्याख्यान त्यांच्या कानावर पडलं आणि १९४४ मध्ये ते रामकृष्ण संघाच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी स्वामी विवेकानंदांनी १९०० साली स्थापन केलेली. मठात डॉब्सन यांच्याकडे एक काम सोपवलेलं होतं: वेदान्ताचं म्हणणं आणि विज्ञानाचं म्हणणं यांचा मेळ घालून पाहायचा. विश्वाबद्दल बोलायचं तर ते डोळ्यांनी पाहायला हवं, एवढ्या सरळ विचाराने ते दुर्बिणीकडे वळले.

मठात राहणाऱ्याकडे पैसा नसतो. या दुर्बिणीची सगळी घडण त्या एका गोष्टीतून आली आहे. जहाजांच्या गोल खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा मिळाल्या, त्यांतून बारा इंची आरसा घासला गेला. नळीसाठी पुठ्ठा, बैठकीसाठी लाकूड. त्या दुर्बिणीतून अर्धा चंद्र पाहिला तेव्हा आपण त्यावर उतरत आहोत असं त्यांना वाटलं, आणि हे प्रत्येकाने पाहिलंच पाहिजे हा ध्यास त्यांनी घेतला. पुढे सॅक्रामेंटोच्या मठातून ते दुर्बीण घेऊन आसपासच्या वस्तीत जाऊ लागले. मुलं जमत, मुलांमागून आईबाप येत. मठाची शिस्त आणि या रात्रीच्या फेऱ्या एकत्र नांदणं कठीण होतं. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉडरिक आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर दुर्बिणी मांडून त्यांनी दोन तरुणांबरोबर ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ ही मंडळी उभी केली. त्यांनी आपल्या रचनेचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्याने ती बघावी आणि करून घ्यावी.

डॉब्सन यांनी दुर्बिणीतल्या जवळजवळ प्रत्येक भागाची किंमत उतरवली. आरशाच्या अचूकतेला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण तिथे सवलत मागता येत नाही. सगळी मेहनत, सगळा काटेकोरपणा एका काचेत ओतायचा आणि बाकीचं सुताराकडे सोपवायचं, ही त्यांची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

आरसा हाताने घासता येतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही. न्यूटनने १६६८ मध्ये केलेल्या पहिल्या परावर्तक दुर्बिणीचा आरसा धातूचा होता. विल्यम हर्शल हे पेशाने संगीतकार. बाथ गावातल्या घरी तेही धातूचेच आरसे ओतत आणि घासत. एकदा पॉलिश सुरू असताना त्यांनी सलग सोळा तास आरशावरून हात काढला नाही आणि बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवत राहिली, हे तिनेच लिहून ठेवलं आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याच घराच्या बागेतून, स्वतः केलेल्या सहा इंचांच्या किंचित वरच्या आरशातून, त्यांना युरेनस दिसला. काचेवर चांदीचा थर देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली, आणि आज हौशी माणूस घासतो तो काचेचाच आरसा.

काचेच्या दोन सारख्या जाड चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर किंवा भक्कम स्टुलावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि थोडं पाणी टाकायचं, दुसरी वर ठेवून दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवायची. थोडे हात मारले की वरची चकती जरा फिरवायची, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. वरची चकती पुढे जाऊन काठाबाहेर लोंबते तेव्हा तिचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर दाबला जातो. म्हणून वरची मध्ये झिजते आणि खालची कडेला. घासणारा पिंपाभोवती फिरत असल्यामुळे झीज सगळीकडून सारखी होते आणि वरच्या काचेत आपोआप गोलाचा तुकडा उमटतो. सहा इंची, अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतराच्या आरशाला मध्यभागी खोली लागते ती अवघी १.२ मिलिमीटर. ती भरड पुडीवर काही तासांत येते. त्यानंतरचे कित्येक दिवस जातात ते भरड पुडीने पाडलेले खड्डे बारीक पुडीने, आणि बारीक पुडीचे खड्डे आणखी बारीक पुडीने घालवण्यात. दर वेळी पूड बदलताना काच, हात, बादली, टेबल, नखंसुद्धा धुवायची. आधीच्या पुडीचा एक कण राहिला तर तो आरशावर ओरखडा काढतो आणि दोन पायऱ्या मागे जावं लागतं. घासताना कान उघडे ठेवावेत: पूड ताजी असताना करकर येते, झिजली की आवाज मऊ होतो, मग नवी पूड टाकायची.

शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. काच पारदर्शक होते, गुळगुळीत होते आणि खरं काम तिथे सुरू होतं. कारण गोलाकार आरसा ग्रहाची प्रतिमा एका जागी आणत नाही, त्यासाठी त्याला पॅराबोला करावा लागतो. या सहा इंची आरशात गोल आणि पॅराबोला यांच्यातला फरक मध्य जुळवून मोजला तर कडेला जेमतेम ०.३ मायक्रॉन निघतो. केसाची जाडी याच्या दोनशेपट तरी असते. पृष्ठभाग हव्या त्या आकारापासून ७० नॅनोमीटरच्या आत आला, तरच गुरूवरचे पट्टे स्वच्छ उमटतात.

घरात हे मोजायचं कसं, याचं उत्तर फ्रेंच शास्त्रज्ञ लेओं फूको यांनी १८५०च्या दशकाअखेरीस देऊन ठेवलं आहे, आणि मला ते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतं. आरसा भिंतीशी उभा करायचा, नाभीय अंतराच्या दुप्पट लांब, म्हणजे सुमारे अडीच मीटरवर, एक बारीक दिवा ठेवायचा आणि परत येणाऱ्या किरणांच्या टोकात दाढीचं ब्लेड हळूच सरकवायचं. ब्लेडमागे डोळा लावला की सपाट भासणाऱ्या काचेवर टेकड्या आणि खळगे उभे राहतात, जणू एका बाजूने तिरपं ऊन पडलं आहे. उंचवटा खरा असतो काही दशांश मायक्रॉनचा, दिसतो डोंगराएवढा. काचेवर अंगठा थोडा वेळ टेकवून काढला, तर त्या उबेने फुगलेली गाठ ब्लेडमागून स्पष्ट दिसते आणि काच निवता निवता विरून जाते. लाखो रुपयांच्या यंत्राशिवाय माणसाला एवढं सूक्ष्म पाहता येतं, हे एकदा स्वतः पाहिल्याशिवाय पटणार नाही. सावल्या वाचून कुठे किती घासायचं ते ठरतं. आकार जमला की निर्वात पात्रात ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवून घेतात.

बैठकीत बॉल बेअरिंग नाही, गिअर नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना, समतोलाच्या बिंदूवर, दोन गोल चकत्या असतात आणि त्या टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकतात. पेटीखालीही सनमायकावर टेफ्लॉनच. टेफ्लॉनचा गुण असा की वस्तू हलवायला सुरुवात करताना आणि हलत असताना लागणारा जोर जवळजवळ सारखा असतो. त्यामुळे नळी बोटाने ढकलली की झटका न बसता सरकते आणि सोडली की तिथेच राहते. जुन्या पद्धतीच्या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावावा लागतो. पुण्यात तो क्षितिजाशी साडेअठरा अंशांचा कोन करतो. इथे ते काहीच नाही: वर-खाली आणि डावी-उजवीकडे. पाच वर्षांचं पोरही दोन मिनिटांत शिकतं. याची किंमतही आहे. दीडशेपट मोठं करून पाहताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरू सुमारे सव्वा मिनिटात दृष्टिक्षेत्राच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला निघून जातो. नळी सतत हलवत राहावी लागते, आणि बराच वेळ प्रकाश साठवून फोटो काढणाऱ्यांसाठी ही साधी पेटी नाहीच.

चंद्र आणि ग्रह यांचा एक मोठा उपकार आहे: त्यांना अंधाराची गरज नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर शहराबाहेर जावं लागतं. मुंबईचं खगोल मंडळ त्यासाठीच लोकांना वांगणीला नेतं. पण शनीची कडी दादरच्या फुटपाथवरून, रस्त्याच्या दिव्याखालूनसुद्धा दिसतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे, आयुकाच्या विज्ञान शोधिकेत दुर्बिणी करायला शिकवलं गेलं आहे. तेव्हा इथे सुरुवात करणाऱ्याला हात धरणारं कोणी नाही असं मुळीच नाही.

आपल्याकडे कोजागिरीला हौसेने गच्चीवर दुर्बीण लावतात. दुधाला ती रात्र उत्तम, चंद्र पाहायला महिन्यातली सर्वांत वाईट. पौर्णिमेला ऊन चंद्रावर सरळ पडतं, सावल्या नाहीशा होतात, डोंगर सपाट होतात आणि डोळे दिपतात. बोलवायचं तर शुद्ध अष्टमीला बोलवावं. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं असतं आणि विवरांच्या कडा सावलीतून वर येतात; फूकोच्या ब्लेडमागे दिसतं तसंच दृश्य, फक्त इथले डोंगर खरे आहेत. नवमीच्या आसपास कोपर्निकसचं ९३ किलोमीटर रुंद विवर उजेडात येतं. त्याच सुमाराला ‘सरळ भिंत’ दिसते, ११० किलोमीटर लांबीची एक काळी रेघ. ही खरं तर जमिनीची एक पायरी, पश्चिमेकडे तोंड केलेली. उगवत्या उन्हात ती सावली टाकते म्हणून काळी. वद्य अष्टमीच्या सुमाराला, मध्यरात्रीनंतर, तीच रेघ उजळ दिसते. चंद्राच्या विषुववृत्तावर उजेडाची सीमा तासाला सुमारे १५ किलोमीटर सरकते. म्हणजे तासभर डोळा लावून बसलं तर अंधारातलं एखादं शिखर पेटताना दिसतं. घाई न करणाऱ्यालाच हे मिळतं.

गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले, ते आपल्याला कोणत्याही सहा इंचीतून दिसतात. त्यांतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे एका संध्याकाळीच त्याची जागा बदललेली कळते. शनी पाहून मात्र माणसं गप्प होतात, मग नळीच्या तोंडाशी जाऊन आत चित्र चिकटवलं आहे का ते बघतात. त्यांना हसू नये. पुस्तकातलं चित्र आणि आपल्या डोळ्यात येणारा शनीवरचा उजेड यांतला फरक मनाला पटायला वेळ लागतो. २०२५ मध्ये कडी आपल्याला कडेवरून, रेघेसारखी दिसली. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

ग्रहांसाठी हवा स्वच्छ असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. थंडीतली धुरकट, वारा पडलेली रात्र पुष्कळदा उत्तम ठरते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि गुरू पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. शक्य असेल तर अंगणात, मातीवर किंवा गवतावर बसावं. आरसाही बाहेरच्या हवेशी जुळायला हवा, म्हणून दुर्बीण निदान तासभर आधी बाहेर काढावी.

हौशी लोकांच्या दुर्बिणींनी शास्त्राला दिलेलंही थोडं नाही. ३ ऑगस्ट १९३३ रोजी शनीवर उसळलेला पांढरा डाग पहिल्यांदा पाहिला तो विल हे या इंग्लंडच्या विनोदी नटाने, लंडनमधल्या आपल्या घराच्या बागेतून. १९ जुलै २००९ रोजी गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ आघाताचा काळा व्रण ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची परावर्तकातून दिसला आणि मग जगातल्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

डॉब्सन स्वतः असल्या शोधांच्या मागे नव्हते. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना अखेरपर्यंत मान्य नव्हता. आपल्याकडे जयंत नारळीकरांनाही नव्हता, पण त्यांचा विरोध गणितातून आलेला. डॉब्सन यांचा वेदान्तातून, आणि तो शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. मला वाटतं, डॉब्सन यांचं मोठेपण शोधायचं ते दुर्बिणीपुढच्या लोकांच्या रांगेत. राष्ट्रीय उद्यानांत, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर ते नव्वदी गाठेपर्यंत दुर्बिणीशेजारी उभे राहिले, जानेवारी २०१४ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले.

आज कारखान्यात बनलेली डॉब्सोनियन विकत मिळते, चांगली असते, आणि ज्याला वेळ नाही त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला हाताने करायची आहे त्याने सहा इंचीपासून सुरुवात करावी: काच स्वस्त, वजन एका माणसाला झेपणारं, आणि आयपीस मुलांच्या उंचीला येणारा. घासायला पावसाळा धरावा. जून ते सप्टेंबर आकाश तसंही बंद असतं, आणि त्या दिवसांत घरातलं तापमान दिवसरात्र फारसं बदलत नाही, ते राळेला आणि फूकोच्या चाचणीला मानवतं. जूनमध्ये भरड पूड हातात घेतली, तर कार्तिक शुद्ध अष्टमीला शेजाऱ्यांना बोलावता येईल.