शरीर वाळवंटातलं, घर दोन खोल्यांचं

त्या रात्री आमचा बंड्या तासाभरात सातव्यांदा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला. बसायचा, घशातून बारीक आवाज काढायचा, वाळू उकरायचा आणि काहीच न करता बाहेर यायचा. पोट साफ होत नसेल, असं आम्ही ठरवून टाकलं आणि त्याला कोमट दूध पाजलं. सकाळी तो पलंगाखाली निपचित पडलेला सापडला. पशुवैद्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "यानं शेवटची लघवी कधी केली?" घरातल्या चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

मूत्रमार्ग तुंबला होता. नळी घातली, सलाइन लावलं, आणि तीन दिवसांनी बोका घरी आला. त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी पाच गोष्टी एकाखाली एक लिहिल्या होत्या. नसबंदी झालेला नर. वजन साडेसहा किलो. चोवीस तास घरात. खाणं फक्त कोरडं. घरात नुकतंच दुसरं मांजर आणलेलं. त्या यादीत एकाही जंतूचं नाव नव्हतं. नर असणं सोडलं, तर बाकी सगळं आम्ही ठरवलेलं होतं.

मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं ही यादी समजून घ्यावी, असं मला तेव्हापासून कळकळीनं वाटतं. पाळलेल्या मांजराचे कितीतरी आजार आपणच लावलेल्या सवयींच्या वाटेनं घरात येतात. वाट आपण करून दिलेली असल्यामुळेच ती आपल्याला अडवताही येते.

तहान कमी, लघवी दाट

आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. तिथं पाण्याची ददात. उंदीर, सरडे, पाखरं मारून खायची आणि त्यांच्या अंगातल्या ओलाव्यावरच बरीचशी तहान भागवायची. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असतं. म्हणून मांजराची तहान मुळातच मंद असते आणि त्याची मूत्रपिंडं लघवी अतिशय दाट करून शरीरातलं पाणी राखतात. मुलूख बदलला, पण शरीराची ही घडण तशीच राहिली.

आता त्याच्यापुढे आपण कोरडे दाणे ठेवतो. त्यांत ओलावा असतो जेमतेम १० टक्के. दाणे खाणारं मांजर वाटीतलं पाणी थोडं जास्त पितं, पण एकूण हिशेब बरेचदा तोकडाच पडतो. लघवी आणखी दाट होते, तिच्यात क्षारांचे कण धरू लागतात, मूत्राशयाला सूज येते. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. नराचा लांब आणि टोकाशी अगदी निमुळता, त्यामुळे क्षारांचे कण आणि चिकट स्राव यांचं बूच तिथंच बसतं. ते बसलं की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाणारा, पण वाळू कोरडी ठेवणारा बोका दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्रीसुद्धा दवाखाना गाठावा.

उपाय साधे आहेत. रोजच्या खाण्यात ओलं अन्न ठेवावं. त्यात पाणी असतं ७५ ते ८० टक्के. पाण्याच्या वाट्या पसरट असाव्यात आणि एकाऐवजी घरात तीन ठिकाणी, खाण्याच्या ताटलीपासून दूर ठेवाव्यात.

केसपेपरवरचं दुसरं मांजर मात्र मला कोड्यात टाकत होतं. त्याचा लघवीशी काय संबंध? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोनी बफिंग्टन या पशुवैद्य संशोधकानं वर्षानुवर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. मूत्राशयाला सूज आलेल्या अनेक मांजरांमध्ये ना जंतू सापडतात, ना खडे. तिथं मोठा वाटा असतो ताणाचा. नवं मांजर, घराची रंगरंगोटी, पाहुण्यांची वर्दळ, ट्रेची बदललेली जागा, आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी मांजराच्या मूत्राशयापर्यंत पोहोचतात. चढून बसायला उंच फळी, लपायला खोकं, रोज ठरल्या वेळी थोडा खेळ आणि मांजरांच्या संख्येहून एक जास्त ट्रे, एवढ्यानंही पुन्हा पुन्हा उलटणारा त्रास कमी होतो.

दूध-भाताची माया

आपल्याकडे मांजर म्हटलं की दुधाची वाटी आलीच. पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं होतं तेही पाणी जातं. पण त्याहून खोल प्रश्न शाकाहारी घरांत दूध-भात, दूध-पोळीवर वाढणाऱ्या मांजरांचा आहे.

कुत्रा मिश्र खाण्यावर जगू शकतो. मांजराला मात्र प्राणिज अन्नावाचून गत्यंतर नाही. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करणं त्याच्या शरीराला जमत नाही. टॉरीन नावाचं द्रव्यही ते गरजेइतकं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. १९८७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरीन कमी पडलं की मांजराचं हृदय ताणून फुगतं आणि दुबळं होतं. ती मांजरं तर बाजारातलं तयार खाद्य खाणारी होती. टॉरीन दिल्यावर अनेकांची हृदयं सुधारली आणि पुढे कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं. याच कमतरतेनं डोळ्यांचा पडदाही झिजतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. स्वतःच्या ताटात काय असावं हा प्रत्येक घराच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मांजराच्या ताटलीत काय असावं हे मात्र त्याच्या शरीरानं कधीच ठरवून ठेवलं आहे.

मांसाहारी घरांतही चुका होतात. काही जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. रोज तीच घातली तर मांजराची मान खाली लोंबते, झटके येतात. शिजवल्यावर ते द्रव्य निकामी होतं. रोज नुसती कलेजी घातली तर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके सांधले जाऊ शकतात. आणि उरलेल्या रश्श्यातलं मटण प्रेमानं कालवून देताना त्यातला कांदा-लसूण विसरला जातो. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. मसाला घालण्याआधीच त्याचा वाटा बाजूला काढून ठेवला, तर काहीच बिघडत नाही.

गुबगुबीत म्हणजे निरोगी नव्हे

साडेसहा किलोच्या बंड्याचं आम्हाला कौतुक होतं. आपल्याकडच्या देशी मांजराचं वजन साधारण साडेतीन ते पाच किलो असावं. बरगड्यांवरून हलकेच हात फिरवला तर त्या लागायला हव्यात, आणि वरून पाहताना कंबर दिसायला हवी. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. त्यात वाटी दिवसभर भरलेली असेल, तर वजन चढणारच. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या चौपटीपर्यंत जातो.

वजन उतरवताना उपास मात्र घडवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठत जाते, डोळे-हिरड्या पिवळ्या होतात आणि जिवावर बेतू शकतं. मांजर रुसलंय, भूक लागली की खाईल, या समजुतीनं कितीतरी जीव गेले आहेत. चोवीस तास पोटात काही गेलं नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा.

वय, लस आणि नसबंदी

पिल्लांना सगळ्यात मोठी भीती पॅनल्युकोपेनियाची. कुत्र्यांच्या पार्वोच्या कुळातलाच हा विषाणू पांढऱ्या पेशी संपवतो. उलट्या, जुलाब आणि दोन दिवसांत सगळं आटोपतं. 'आमचं मांजर घराबाहेर जातच नाही' हे इथं कामाचं नाही. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि आपल्या चपलांना चिकटून उंबरा ओलांडतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढचे डोस. पहिला डोस देऊन थांबू नये, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तो निष्फळ करू शकते. रेबीजची लस तर स्वतःच्या घरासाठीही हवीच.

नसबंदीनं वजन वाढतं म्हणून ती टाळावी का? मुळीच नाही. न कापलेला बोका रात्रभर भटकतो, भांडतो, चावे घेतो आणि खातो. एचआयव्हीच्या कुळातला एफआयव्ही हा विषाणू मांजरांत मुख्यतः अशाच चाव्यांतून पसरतो. माणसाला तो होत नाही. मादीची नसबंदी सहा महिन्यांच्या आत झाली, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, शिवाय गर्भाशयात पू होण्याची भीतीच उरत नाही. वजन वाटीच्या मापानं आवरता येतं.

वयाची दुसरी कड म्हणजे म्हातारपण. दहा वर्षांचं मांजर माणसाच्या हिशेबात साधारण छप्पन्न वर्षांचं असतं. या वयात मूत्रपिंडं हळूहळू थकतात, आणि सुमारे दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा दिसतं एवढंच, की पाण्याची वाटी लवकर रिकामी होते आणि वाळूत मोठाले गोळे सापडतात. म्हणून सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी.

काही धोके रक्तातूनच येतात. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडाला फोड येण्याचा आनुवंशिक आजार आहे, आणि चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्यांचा जीव घाबरतो. मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा दोष आढळतो. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान गोंडस वाटतात, पण ज्या दोषानं कान दुमडतात तोच सांध्यांनाही पिडतो. देशी मांजर दत्तक घेणं हा यावरचा चांगला उपाय आहे.

घरातलं औषधांचं कपाट

तापलेल्या मांजराला आपल्या गोळीचा तुकडा देणारी माणसं मायाळूच असतात. पण पॅरासिटामॉल निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच. एका गोळीनंही हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास कोंडतो आणि जीव जातो. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषधही तपासून पाहावं. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला कंप सुटतो, झटके येतात. तिसरा धोका वाढदिवसाच्या गुच्छातून येतो. मोठ्या सुवासिक लिलीचं पान, पाकळी, अंगाला लागून चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यांतलं काहीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. ज्या घरात मांजर आहे, त्या घरात लिली येऊ नये.

दुखणं गिळणारा जीव

मांजर शिकार करतं आणि त्याची शिकारही होते. दुखणं दाखवणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं, हे त्याच्या रक्तात आहे. गुरगुरणं हे सुखाचंच लक्षण असतं असंही नाही. वेदनेतही मांजर गुरगुरतं. २०१९मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी तयार केली. त्यात पाच खुणा आहेत. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक केलेले, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या रेषेखाली. बंड्याच्या त्या रात्रीच्या फोटोत या खुणा स्पष्ट दिसतात. तेव्हा आम्हाला त्या वाचता आल्या नाहीत.

आता आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजला एक साधा कागद चिकटवलेला असतो. ट्रे कोणी साफ केला, गोळे किती निघाले, वाटी किती उरली आणि दर पंधरवड्याला वजन किती भरलं. बंड्या पाच किलोवर आला आहे. दुसऱ्या मांजराशी त्याची गट्टी झालेली नाही, पण दोघांची फळी वेगळी आहे आणि ट्रे तीन आहेत. मागच्या महिन्यात लस द्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं तोच प्रश्न विचारला. माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं लगेच उत्तर दिलं, "आज सकाळी, पावणेसातला."