गवत कापणारे डीकन

'डीकन' हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ अगदी साधा: सेवक. बॅप्टिस्ट मंडळी आपल्यातूनच डीकन निवडते. आजाऱ्याची विचारपूस, चर्चचा कारभार, कुणाचं अडलंनडलं, हे सगळं त्याने बघायचं. धर्मस्थळातलं पद म्हटलं की आपल्याला आधी मान आठवतो. म्हणून जिमी कार्टर यांचं डीकनपण मला मोलाचं वाटतं.

शंभरी पूर्ण करून २९ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, २००२ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी म्हणून जगाने त्यांना ओळखलं. पण जॉर्जियातल्या प्लेन्स या चिमुकल्या गावात ते मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चचे डीकन आणि संडे स्कूलचे मास्तर! चर्चभोवतीचं गवत ते कापायचे, पत्नी रोझलिन साफसफाईला हात लावायच्या. अर्पणाच्या लाकडी थाळ्याही कार्टरनी स्वतः घडवलेल्या.

हा माणूस नुसताच साधा नव्हता, ठामही होता. १९६५ मध्ये ते गावातल्या जुन्या प्लेन्स बॅप्टिस्ट चर्चचे डीकन होते. कृष्णवर्णीयांना प्रार्थनेला येऊ द्यायचं नाही, असा ठराव तिथे आला. भुईमुगाचा धंदा करणाऱ्याला गावाशी वाकडं घेणं परवडतं का? तरीही कार्टर भर सभेत विरोधात बोलले. ठराव मंजूर झालाच. विरोधातली मतं मोजकी, त्यातली बहुतेक कार्टरांच्या घरातलीच. पुढे याच वादातून चर्च फुटलं आणि १९७७ मध्ये मॅरानाथा उभं राहिलं. व्हाइट हाउसमधून परतल्यावर, १९८१ मध्ये, कार्टर दांपत्य तिथे गेलं.

हा पीळ आईचा असावा, असं मला वाटतं. नर्स असलेल्या लिलियनबाई वयाच्या ६८ व्या वर्षी 'पीस कोअर'तर्फे भारतात आल्या आणि मुंबईत, विक्रोळीला राहून त्यांनी रुग्णसेवा केली. ही गोष्ट १९६६ ते ६८ ची.

दुसरी कसोटी आली ती बायकांच्या प्रश्नावर. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही त्यांची मोठी संघटना. पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावं, असं तिने १९९८ मध्ये जाहीर केलं. २००० मध्ये पाळकपद फक्त पुरुषांचं, असंही ठरवलं. त्याच वर्षी कार्टरनी तिच्याशी असलेलं आयुष्यभराचं नातं तोडलं. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. संघटना सोडली, पण देव नाही सोडला आणि रविवारचा वर्गही नाही. तो वर्ग त्यांनी २०१९ पर्यंत घेतला. मॅरानाथात रोझलिनही डीकन झाल्या.

२००६ मध्ये हे दोघं लोणावळ्याजवळ माळवलीला आले होते. गरिबांसाठी १०० घरं उभारण्याच्या कामात ऐंशीच्या घरातलं हे जोडपं राबत होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रोझलिन गेल्या. त्यांचा अंत्यविधी मॅरानाथातच झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये कार्टरांनाही तिथूनच निरोप दिला गेला.

आपल्याकडेही धर्मस्थळांत झाडलोट, फुलं, प्रसाद बायकांकडे असतो. निर्णय घ्यायला मात्र बसतात पुरुष. कार्टर दांपत्याने ही वाटणीच मोडली. पद दोघांचं आणि झाडूही दोघांचा. सेवक या शब्दाचा अर्थ मला त्यात सापडतो.