एका संगणकावर दुसऱ्या संगणकाची आज्ञावली

संगणक स्वतःहून काहीच करीत नाही. त्यास क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. निरनिराळ्या जातींच्या संगणकांची यंत्रभाषाही निराळी असते व एकाची भाषा दुसऱ्यास उमगत नाही.

घरातील इलेक्ट्रॉनिक वीजमीटर किंवा कपडे धुण्याचे यंत्र यांतही छोटासा संगणक असतो. त्यास टंकनाचा कळफलक नसतो आणि स्मृतीही तुटपुंजी असते. त्यामुळे त्याची आज्ञावली मोठ्या संगणकावर लिहून तेथेच तिचे लहान यंत्राच्या भाषेत रूपांतर करतात. हे रूपांतर करणाऱ्या साधनास 'क्रॉस कंपायलर' असे नाव आहे.

या पद्धतीचे एक उद्बोधक उदाहरण अमेरिकेत १९७५ साली घडले. आल्बुकर्की येथील 'मिट्स' या कंपनीने 'अल्टेअर ८८००' हा लहान संगणक बाजारात आणला. त्याच्यासाठी 'बेसिक' ही सुलभ संगणकभाषा तयार करण्याचे काम बिल गेट्स व पॉल ॲलन या तरुणांनी अंगावर घेतले. परंतु त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हता. तेव्हा ॲलन यांनी माहितीपुस्तिकेच्या आधारे हार्वर्ड विद्यापीठातील 'पीडीपी-१०' या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या '८०८०' प्रक्रियकाची प्रतिकृती उभी केली. ती प्रत्यक्ष यंत्र नव्हती, तर मूळ प्रक्रियकासारखी वागणारी आज्ञावली होती. गणिती भागाचे काही काम माँटे डेव्हिडॉफ यांनी केले. पुस्तिकेतील एखाद्या आज्ञेचा अर्थ चुकीचा लावला गेला असता, तर सारे श्रम वाया गेले असते.

तयार आज्ञावली कागदी फितीवर घेऊन ॲलन विमानाने निघाले. वाटेत त्यांच्या ध्यानात आले, की फितीवरील मजकूर यंत्राच्या स्मृतीत उतरविणारी छोटी आज्ञावली लिहिलीच नाही! प्रतिकृतीवर तिची गरज भासली नव्हती, म्हणून ही उणीव दडून राहिली होती. विमान उतरण्यापूर्वी त्यांनी ती कागदावर लिहून काढली. पुढे प्रत्यक्ष यंत्रास दोन अधिक दोन किती, असे विचारताच चार हे उत्तर छापले गेले.

आज या कामाची साधने पुष्कळ सुधारली आहेत. तथापि प्रतिकृतीवरील यश हे अर्धेच यश होय. आज्ञावली ज्या यंत्रासाठी लिहिली, त्या यंत्रावर ती चालवून पाहिल्यावाचून तिची परीक्षा पूर्ण होत नाही.